फितूर साक्षीदाराची उलटतपासणी

रोग्याला ताप आहे की नाही हे पाहण्यासाठी आपण थर्मामीटर लावतो. थर्मामीटर रोग्याच्या शरीराचा भाग नसतो. रोग कितीही बळावला तरी तो थर्मामीटरला खोटे बोलायला लावू शकत नाही, म्हणून त्यावर दिसणाऱ्या आकड्यावर आपण विश्वास ठेवतो. संगणकाच्या बाबतीत मात्र ही सोय आपोआप मिळत नाही. संगणकात एखादा उपद्रवी प्रोग्राम शिरला आहे का हे शोधायचे तर आपण दुसरा प्रोग्राम चालवतो. हा दुसरा प्रोग्राम त्याच संगणकावर चालतो आणि त्याच संगणकाला विचारतो, "तुझ्या डिस्कवर काय काय आहे?" उत्तर देणारी यंत्रणाच जर आधी ताब्यात गेली असेल तर? साक्षीदारच फितूर असेल तर न्यायाधीशाने निवाडा करायचा कसा?

आज अनेक शाळांत आणि बऱ्याच शिक्षकांच्या घरी संगणक आहे. त्यात मुलांचे गुण असतात, प्रश्नपत्रिका असतात, बँकेचे व्यवहारही असतात. त्यामुळे हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही. लपलेला प्रोग्राम शोधण्याच्या विद्येला आता चाळीस वर्षांचा इतिहास आहे. तो पाहिला की आज घरच्या संगणकावर आपण जे उपाय करतो त्यांमागचे कारण समजते.

पहिली लपाछपी

संगणक सुरू होतो तेव्हा काय घडते हे आधी पाहू. वीज मिळताच संगणकातील एका चिपमध्ये कोरलेला छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याला बायॉस म्हणत. जुन्या संगणकांत तो फ्लॉपीचा किंवा हार्ड डिस्कचा अगदी पहिला तुकडा वाचत असे. या तुकड्याला बूट सेक्टर म्हणतात आणि त्यात ५१२ बाइट मावतात. तेथे जी आज्ञा असेल ती बायॉस मुकाट्याने पाळी. आज्ञा कोणी लिहिली याची चौकशी तो करीत नसे. म्हणजे या ५१२ बाइटांवर ज्याचा ताबा, त्याचा संगणकावर सर्वांच्या आधी ताबा.

ही गोष्ट अमेरिकेतील रिच स्क्रेंटा या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाने १९८२ साली ओळखली. त्याचा 'एल्क क्लोनर' हा प्रोग्राम ॲपल २ संगणकाच्या फ्लॉपीवर राही, दुसरी फ्लॉपी घातली की तिच्यावर आपली प्रत करी आणि दर पन्नासाव्या वेळी पडद्यावर एक कविता दाखवी. त्यात लपण्यापेक्षा खोडी काढण्याचाच भाग जास्त होता.

खरी लपाछपी सुरू झाली ती १९८६ साली, लाहोरमध्ये. बासित आणि अमजद फारुख अल्वी या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला. आयबीएम पद्धतीच्या घरगुती संगणकांवर पसरलेला हा पहिला व्हायरस मानला जातो. आपण विकलेल्या सॉफ्टवेअरच्या चोरून प्रती कोण काढतो हे कळावे असा आपला हेतू होता, असे या भावांनी नंतर सांगितले. व्हायरसच्या पोटात त्यांनी आपले नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा लिहून ठेवले होते! २०११ साली फिनलंडचे संगणकतज्ज्ञ मिक्को हिप्पोनेन त्या पत्त्यावर गेले, तेव्हा हे भाऊ तेथेच व्यवसाय करीत होते.

ब्रेन ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर बसत असे. मूळ बूट सेक्टर उचलून तो फ्लॉपीवर दुसरीकडे ठेवी आणि ती जागा 'खराब' अशी खूण करून ठेवी, म्हणजे तेथे दुसरे कोणी काही लिहू नये. पहिल्या जागी तो स्वतः बसे. पण गंमत पुढेच आहे. संगणकाच्या स्मृतीत शिरल्यावर तो डिस्क वाचण्याच्या मार्गावर पहारा देई. कोणी बूट सेक्टर वाचायला मागितला की तो स्वतःची जागा न दाखवता लपवून ठेवलेला मूळ सेक्टर पुढे करी. तपासणाऱ्याला सारे काही ठीकठाक दिसे. चोराच्या घराची झडती घ्यायला गेलेल्या पोलिसाला चोरानेच शेजाऱ्याचे स्वच्छ घर दाखवावे, तसा हा प्रकार.

ऑक्टोबर १९८७ मध्ये अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या संगणक केंद्रात विद्यार्थ्यांच्या फ्लॉप्यांवर ब्रेन सापडला. फ्लॉपीच्या नावाच्या जागी त्याने आपले नाव लिहिले होते, त्यामुळे तो उघडा पडला. इतके उत्तम लपणारा प्रोग्राम नावाच्या हौसेपायी पकडला गेला. पुढच्या व्हायरसकर्त्यांनी ही चूक केली नाही.

स्वच्छ फ्लॉपीचा नियम

यातून जो उपाय निघाला तो अगदी साधा होता. ज्याच्यावर संशय आहे त्याला जागेच होऊ द्यायचे नाही. संगणक बंद करायचा, खात्रीच्या फ्लॉपीवरून सुरू करायचा आणि मग हार्ड डिस्क तपासायची. व्हायरस डिस्कवर असला तरी स्मृतीत नसल्यामुळे तो पहारा देऊ शकत नाही. तो फक्त पडून राहिलेला मजकूर होतो आणि आपण तो वाचू शकतो.

ही खात्रीची फ्लॉपी निरोगी राहावी म्हणून तिच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावत. अशा फ्लॉपीवर लिहायचे नाही हे ड्राइव्हमधले विजेचे मंडलच ठरवते. त्यामुळे प्रोग्राम कितीही लबाड असला तरी त्याचे येथे चालत नाही. सव्वापाच इंची फ्लॉपी ज्यांनी हाताळली आहे त्या वाचकांना ही छोटी पट्टी आठवत असेल. तिचे महत्त्व मात्र फार थोड्यांना ठाऊक होते.

'संगणक बंद करायचा' या शब्दांवरही जोर देणे भाग होते. १९९० साली भारतात एक व्हायरस सापडला. त्याचे नाव ऐकून आपल्या वाचकांना हसू येईल. तो होता 'जोशी'. दर वर्षी ५ जानेवारीला तो संगणक अडवून ठेवी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टाइप करा म्हणून पडद्यावर फर्मान काढी. तेवढे टाइप केले की संगणक पुन्हा चालू! पण हा जोशी वाटतो तितका भोळा नव्हता. ब्रेनप्रमाणे तोही आपली जागा विचारणाऱ्याला खोटे उत्तर देई. शिवाय कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणे एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू केला, तरी तो स्मृतीत टिकून राही. म्हणून जाणकार सांगत, बटणांवर विसंबू नका, विजेचे बटणच बंद करा.

तरीही जोशी आपली एक खूण लपवू शकत नसे. डॉसच्या काळात साधारण संगणकाची मूळ स्मृती ६४० किलोबाइट, म्हणजे ६४० गुणिले १०२४, म्हणजे ६,५५,३६० बाइट असे. 'चेकडिस्क' ही आज्ञा दिली की हा आकडा पडद्यावर येई. जोशी स्मृतीच्या वरच्या टोकाला सुमारे ६ किलोबाइट जागा अडवून बसे. त्यामुळे ६,४९,२१६ असा आकडा दिसला की शंकेला जागा होती. काही निर्दोष संगणकांतही एखादा किलोबाइट दुसऱ्या कामासाठी राखलेला असे, तेव्हा कमी आकडा हा पुरावा नव्हे, फक्त संशय. संशय आणि पुरावा यांतला हा फरक विज्ञानाच्या तासालाही उपयोगी पडणारा आहे.

गणिताने घातलेली मर्यादा

येथे कोणीही विचारील की एकदाच असा प्रोग्राम का लिहू नये, जो कोणताही व्हायरस अचूक ओळखेल? याचे उत्तर ब्रेनच्याही आधी मिळाले होते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्यार्थी फ्रेड कोहेन यांनी १९८३ साली असे प्रोग्राम प्रयोग म्हणून तयार केले. त्यांना 'व्हायरस' हे नाव त्यांचे शिक्षक लिओनार्ड ॲडलमन यांनी सुचवले. पाच प्रयोगांपैकी प्रत्येकात एका तासाच्या आत संपूर्ण संगणक ताब्यात आला. सर्वांत जलद प्रयोगाला पाच मिनिटेही लागली नाहीत. १९८४ सालच्या आपल्या निबंधात कोहेन यांनी हे प्रयोग मांडले आणि त्याबरोबर एक सिद्धताही दिली.

ती सिद्धता नववी-दहावीच्या मुलांनाही समजेल अशी आहे. समजा, 'निवाडा' नावाचा एक प्रोग्राम आहे आणि तो कोणत्याही प्रोग्रामकडे पाहून 'व्हायरस आहे' किंवा 'व्हायरस नाही' हे कधीही न चुकता सांगतो. आता आपण 'विक्षिप्त' नावाचा एक प्रोग्राम लिहू. तो प्रथम निवाड्याला स्वतःविषयी विचारतो, "मी व्हायरस आहे का?" निवाडा 'आहे' म्हणाला तर विक्षिप्त काहीच करत नाही, गप्प बसतो. निवाडा 'नाही' म्हणाला तर तो पसरू लागतो. मग निवाड्याने काय सांगावे? 'आहे' म्हटले तर विक्षिप्त निरुपद्रवी ठरतो. 'नाही' म्हटले तर तो व्हायरस ठरतो. दोन्ही उत्तरे चुकतात. म्हणून असा कधीही न चुकणारा निवाडा असूच शकत नाही. ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ साली संगणनाच्या मर्यादांविषयी जे सिद्ध केले, त्याच घराण्यातला हा युक्तिवाद आहे.

याचा अर्थ व्हायरसविरोधी प्रोग्राम निरुपयोगी आहेत असा मुळीच नाही. ज्ञात व्हायरसांची ओळखचिन्हे शोधणे, संशयास्पद वागणूक टिपणे ही कामे ते उत्तम करतात. अर्थ एवढाच की 'काही सापडले नाही' आणि 'काही नाही' ही दोन वाक्ये एक नव्हेत. शंभर टक्के संरक्षणाची जाहिरात वाचताना ही सिद्धता आठवावी.

काढणे शोधण्यापेक्षा अवघड

१९९० च्या दशकात आणखी एक धडा मिळाला. व्हायरस सापडला म्हणजे काम संपले असे नाही. बूट सेक्टरमधला व्हायरस पुसून तेथे कोरी, निर्दोष आज्ञा लिहिली की झाले, असे बहुतेकांना वाटे. बऱ्याच वेळा ते खरेही होते. पण 'मंकी' नावाच्या व्हायरसाने ही समजूत महागात पाडली. डिस्कचे भाग कोठे सुरू होतात आणि कोठे संपतात हे सांगणारा तक्ता तो मूळ जागेवरून हलवी आणि सांकेतिक करून ठेवी. व्हायरस जागा असेपर्यंत तो तक्ता सोडवून दाखवी, त्यामुळे सारे सुरळीत चाले. स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू केला तर हार्ड डिस्कच दिसेनाशी होई, आणि घाईने व्हायरस पुसला तर तक्त्याचा पत्ता सांगणाराच नाहीसा होई.

१९९४ साली आलेला 'वन हाफ' याहून पुढे गेला. प्रत्येक वेळी संगणक सुरू होताना तो हार्ड डिस्कचा शेवटाकडचा थोडा थोडा भाग सांकेतिक लिपीत बदलत जाई. वापरणाऱ्याने फाइल मागितली की गुपचूप सोडवून देई. त्यामुळे महिनोन्‌महिने काही कळत नसे. व्हायरस काढला की किल्लीही त्याच्याबरोबर जाई आणि अर्ध्या डिस्कवर अगम्य अक्षरांचा ढीग उरे. डॉक्टरांच्या भाषेत सांगायचे तर गाठ शरीराच्या रक्तवाहिन्यांशी जोडली गेली होती. ती काढण्याआधी रक्तपुरवठ्याची पर्यायी सोय करणे भाग होते. म्हणजे आधी डिस्क पूर्ववत सोडवायची, मग व्हायरस काढायचा.

या काळाशी महाराष्ट्राचाही संबंध आहे. पुण्यात कैलास काटकर यांचा संगणक दुरुस्तीचा व्यवसाय होता. १९९३ साली त्यांनी 'कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस' सुरू केली. दुरुस्तीला येणाऱ्या अनेक संगणकांत बिघाड यंत्राचा नसून व्हायरसाचा आहे हे लक्षात आल्यावर त्यांचे धाकटे बंधू संजय काटकर यांनी त्यावर प्रोग्राम लिहायला घेतले. त्यातून 'क्विक हील' जन्माला आले, आणि २००७ साली कंपनीनेही तेच नाव घेतले. दुरुस्तीच्या टेबलावर रोज येणाऱ्या प्रश्नातून एक उद्योग उभा राहिला, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखी आहे.

दोन उत्तरे ताडून पाहणे

विंडोजच्या काळात लपण्याची जागा बदलली. फाइलींची यादी मागितली की ती मागणी अनेक टेबलांवरून फिरत शेवटी डिस्कपर्यंत जाते आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. या वाटेवर मध्येच बसून यादीतून आपले नाव खोडणाऱ्या प्रोग्रामांना 'रूटकिट' म्हणतात. युनिक्स संगणकांतील सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या 'रूट' या नावावरून हा शब्द आला.

अशांना पकडण्याची युक्ती प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. वर्गप्रतिनिधी सांगतो, "चाळीस मुले हजर." आपण उठून स्वतः डोकी मोजतो. दोन आकडे जुळले नाहीत तर कोणीतरी काहीतरी लपवत आहे. ब्राइस कॉग्झवेल आणि मार्क रसिनोविच यांनी २००५ साली तयार केलेला 'रूटकिट रिव्हीलर' नेमके हेच करी. एक यादी तो विंडोजला विचारून घेई, दुसरी डिस्कवरची मूळ नोंद स्वतः वाचून तयार करी, आणि दोन्ही ताडून पाही. म्हणजे लपण्याची कृतीच लपणाऱ्याला उघडी पाडी. जो लपत नाही त्याच्या बाबतीत दोन्ही याद्या सारख्याच येतात!

हा प्रोग्राम तपासून पाहताना रसिनोविच यांना स्वतःच्याच संगणकावर रूटकिट सापडले. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी त्यांनी ते जाहीर केले. आश्चर्य असे की ते कोणा चोराचे नव्हते. सोनी बीएमजी या संगीत कंपनीच्या विकत घेतलेल्या सीडीबरोबर ते आले होते. गाण्यांच्या प्रती काढता येऊ नयेत म्हणून घातलेला हा प्रोग्राम 'डॉलर-सिस-डॉलर' या अक्षरांनी सुरू होणारे प्रत्येक नाव लपवत असे. रसिनोविच यांनी साध्या नोटपॅडच्या प्रतीला तसे नाव दिले, आणि तीही डोळ्यांदेखत नाहीशी झाली. मग त्यांनी तो प्रोग्राम हाताने काढला, तर संगणकातून सीडी ड्राइव्हच दिसेनासा झाला, कारण ड्राइव्हकडे जाणाऱ्या वाटेवरच तो बसला होता. 'वन हाफ'चा धडा पुन्हा एकदा! काही दिवसांतच खऱ्या उपद्रवी प्रोग्रामांनी आपल्या फाइलींना तेच नाव देऊन त्याच आडोशाला लपायला सुरुवात केली. कंपनीला त्या सीडी परत मागवाव्या लागल्या. कुंपण घालणाऱ्याने कुंपणाला भगदाड ठेवले, तर त्यातून फक्त त्याचीच माणसे आत येतील असे नसते.

कधी लपणारा स्वतःच्याच हिशेबाने फसतो. फेब्रुवारी २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजची एक नित्याची दुरुस्ती पाठवली आणि अनेक संगणक निळा पडदा दाखवून बंद पडू लागले. दोष दुरुस्तीत असावा असे लोकांना वाटले. तपासाअंती कळले की त्या संगणकांत 'ॲल्युरिऑन' नावाचे रूटकिट आधीपासूनच दडलेले होते. विंडोजचे भाग स्मृतीत अमुक अंतरावरच असतील हे त्याने गृहीत धरले होते. दुरुस्तीने ते अंतर बदलले आणि अंधारात नेहमीच्या पायरीवर पाय टाकणारा चोर तोंडघशी पडला.

आजचा उपाय, तोच जुना

आज फ्लॉपी नाही, पण नियम तोच आहे. विंडोज १० आणि ११ मध्ये 'डिफेंडर ऑफलाइन' ही सोय आहे. ती निवडली की संगणक बंद होऊन वेगळ्या, छोट्या यंत्रणेवर सुरू होतो आणि विंडोज झोपलेली असताना डिस्क तपासली जाते. जुन्या स्वच्छ फ्लॉपीचेच हे नवे रूप. २०१२ सालच्या विंडोज ८ बरोबर घरगुती संगणकांत आलेल्या 'सिक्युअर बूट' पद्धतीत सुरू होतानाच पुढच्या प्रोग्रामची सांकेतिक सही तपासली जाते. बायॉसच्या काळात कोणीही न विचारलेला 'आज्ञा कोणी लिहिली?' हा प्रश्न आता विचारला जातो.

घरच्या संगणकावर दाट संशय असेल तर क्रमही इतिहासानेच शिकवला आहे. प्रथम इंटरनेट तोडावे. आपली कागदपत्रे आणि छायाचित्रे वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्यावीत, प्रोग्राम मात्र उतरवू नयेत. मग ऑफलाइन तपासणी करावी. तरीही शंका उरली तर दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावर तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने घालावी. बँकेचे आणि इतर पासवर्डही संशयित संगणकावरून बदलू नयेत, दुसरीकडून बदलावेत. भारत सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'नेही अशी सफाईची साधने मोफत उपलब्ध करून दिली.

डिस्क पुसली म्हणजे सर्व काही संपले, असेही ठामपणे म्हणता येत नाही. २०१८ साली उघडकीस आलेला 'लोजॅक्स' संगणकाच्या मुख्य पट्टीवरील चिपमध्येच राही. नवी डिस्क बसवली तरी तो परत येई. असे हल्ले विरळ असतात आणि ते सामान्य घरांवर सहसा होत नाहीत, पण प्रश्न किती खोल जातो हे त्यांतून दिसते. युनिक्सचे एक जनक केन टॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात तो आणखी खोल नेला. प्रोग्राम तयार करणाऱ्या प्रोग्राममध्येच चोरवाट ठेवली, तर मूळ मजकूर ओळ न्‌ ओळ वाचूनही ती सापडणार नाही, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे कोठेतरी, कोणावर तरी विश्वास ठेवावाच लागतो.

तो कोणावर ठेवावा, एवढे मात्र आपल्या हाती आहे. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याशी ज्याचा काही संबंध नाही, असा साक्षीदार शोधावा. खाचेवर पट्टी लावलेली फ्लॉपी, डिस्कवरची मूळ नोंद, शेजारचा निर्दोष संगणक हे असे साक्षीदार आहेत. प्रयोगशाळेत एका उपकरणाचा आकडा आपण दुसऱ्या, स्वतंत्र उपकरणाने पडताळतो तेव्हा हेच करत असतो. विद्यार्थ्यांना कोहेन यांची सिद्धता फळ्यावर मांडून दाखवावी आणि मग विचारावे: निवाडा कधीतरी चुकणारच असेल, तर तो चुकला हे आपल्याला कोणत्या मार्गाने कळेल? या प्रश्नाची उत्तरे गोळा करण्यात एक तास सहज जाईल आणि तो वाया जाणार नाही.